घंटा वाजेपर्यंत

१

शिवणकाकूंचं पोट दाबून पाहताना सर्जनचा हात उजव्या कुशीजवळ थांबला, पुढे सरकला, पुन्हा तिथेच परत आला. आणि त्या दिवसापासून इस्पितळातली माणसं एकमेकांची नजर चुकवू लागली.

शिवणकाकू म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास चालवणाऱ्या बाई. थोरला भाऊ आतड्याच्या कर्करोगाने गेला, म्हणून काही त्रास नसतानाही त्या दीड वर्षापूर्वी आपणहून इस्पितळात आल्या होत्या. मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घेऊन, आतडं स्वच्छ आहे असा निर्वाळा मिळवून हसत घरी गेल्या होत्या. आता त्याच आतड्यात, अगदी आतल्या टोकाला, लिंबाएवढी गाठ निघाली होती.

अशी गाठ काही रातोरात उगवत नाही. आधी आतड्याच्या भिंतीवर मांसाचा बारीक कोंब येतो. डॉक्टर मंडळी त्याला पॉलिप म्हणतात. तो वर्षानुवर्षं निमूटपणे वाढतो आणि मग कधीतरी त्याची मती फिरते. कोंब असतानाच तो दुर्बिणीतून खुडून टाकला, तर पुढचा सगळा घोर टळतो. म्हणजे दीड वर्षापूर्वी तो कोंब तिथे असणारच. तो दिसला कसा नाही, एवढाच प्रश्न होता.

मुख्य साहेबांनी चौकशीसाठी मॅडमना बोलावलं. मॅडमनी या इस्पितळातली दुर्बिणीची खोली उभी केली होती आणि निवृत्त झाल्यावर त्या घरी बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढत होत्या. रोग फार वेगाने वाढला असं दोन ओळींत लिहून त्या मोकळ्या होतील, अशी साहेबांची आशा होती. मॅडमचा स्वभाव ठाऊक असणाऱ्या कोणी अशी आशा केली नसती.

"घाई कसली आहे?" मॅडमनी विचारलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. गाठ अजून पसरलेली नव्हती. लवकर ऑपरेशन केलं, तर बाई वाचण्यासारख्या होत्या. पण शिवणकाकूंनी ऑपरेशनला साफ नकार दिला होता, आणि कारण काही केल्या सांगत नव्हत्या.

२

शिवणकाकूंच्या पुढच्या खोलीत शिलाई मशिनं झाकून ठेवली होती. क्लास बंद होता. काकूंचे यजमान पाण्याचा पेला मॅडमच्या हातात देऊन जे आत गेले, ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

मॅडमनी आधी इकडचं तिकडचं विचारलं. तपासणीच्या दिवशीचं काय काय आठवतं, असं विचारल्यावर काकू जरा खुलल्या. गुंगीच्या औषधाने त्यांचं डोकं गरगरतं, म्हणून त्यांनी ते घेतलंच नव्हतं. सगळं शुद्धीत झालं. दुर्बीण आत जाताना वळणावळणावर कळा आल्या, बाहेर येतानाही एक-दोन सपाट्यात येऊन गेल्या. मग मात्र पोट अगदी शांत झालं आणि डॉक्टरांनी गोष्ट सांगायला घेतली. त्यांच्या मामाची कवळी तलावात पडली, ती शोधायला घरातली झाडून सगळी मंडळी पाण्यात उतरली आणि शेवटी ती मामांच्याच खिशात निघाली. सांगताना काकूंनाही हसू फुटलं. "फार गोड माणूस हो. गोष्ट संपली आणि तेवढ्यात घंटा वाजली. झालं म्हणाले. मला वाटलं होतं, किती भयंकर असेल."

मॅडमही हसल्या. गोष्टीवाले डॉक्टर म्हणजे त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याच्या मामांची कवळी त्यांनी स्वतः निदान चारदा ऐकली होती.

"मग ऑपरेशनला नाही का म्हणता?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. आतल्या दाराकडे एकदा बघून त्यांनी आवाज उतरवला.

"मॅडम, डॉक्टरांची काही चूक नाही. माझंच पाप आहे ते. आदल्या रात्री पोट साफ करायचं ते खारट पाणी प्यायचं असतं ना, ते मी सगळं प्यायलेच नाही. शेवटचा तांब्या मोरीत ओतला. सकाळी सिस्टरनी विचारलं, तर प्यायले म्हणून खोटं सांगितलं. घाणीखाली ती गाठ झाकली गेली असणार, बिचाऱ्यांना दिसणार कशी? आता माझ्या खोटेपणापायी ह्यांनी इस्पितळाच्या पायऱ्या झिजवायच्या? नको. माझं मी भोगीन."

३

दुर्बिणीच्या खोलीत मॅडम बऱ्याच दिवसांनी आल्या. तोच उंच पलंग, तोच पडदा आणि भिंतीवर तीच घंटा.

घंटेची हकीकत अशी. दुर्बीण आत जाते तेव्हा डॉक्टर नुसती वाट काढत असतो. कोंब शोधायचे असतात ते बाहेर येताना, एकेक घडी उलगडून, तिच्या मागे डोकावून. बाहेर येताना घाई केली, की कोंब घडीमागे राहून जातात; जो सावकाश येतो, त्याला जास्त सापडतात. म्हणून मॅडमनी त्यांच्या कारकिर्दीत नियम केला होता, की आतल्या टोकाला पोचलं की सिस्टरने घंटेची कळ दाबायची. सहा मिनिटांनी घंटा वाजते. तोवर दुर्बीण बाहेर काढायची नाही. घंटा त्यांनी स्वतः दुकानातून निवडून आणली होती आणि तिचा त्यांना केवढा अभिमान होता.

खोलीतल्या सिस्टरना बसा म्हणायची सोय नव्हती. त्या बसत नसत. मॅडमनी शिवणकाकूंचं नाव काढलं मात्र, सिस्टरच्या हातातला टॉवेल खाली ठेवला गेला.

"मला माहीत होतं तुम्ही विचाराल," त्या म्हणाल्या. "त्या आठवड्यात दुर्बिणीच्या काचेवर ओरखडा होता. मी सांगणार होते. पण वर कळवलं की दुर्बीण दुरुस्तीला जाते, खोली बंद पडते आणि बाहेर उपाशीपोटी बसलेले पेशंट माझ्या नावाने खडे फोडतात. म्हणून गप्प बसले. दोन रात्री झोप नाही मला."

मॅडमनी त्यांना मशीनपाशी नेलं. तपासणीत काढलेले फोटो अजून तिथे होते. शिवणकाकूंच्या आतड्याच्या टोकाचा फोटो लख्ख होता, फक्त घड्यांमागचं त्यात दिसत नव्हतं. ओरखडा होता कडेला, नखाएवढा. आणि घाण? मोरीत ओतलेल्या तांब्याचा मागमूस नव्हता. भिंत धुतल्यासारखी दिसत होती. शिवाय त्याच दुर्बिणीतून, त्याच दिवशी दुसऱ्या डॉक्टरला तिळाएवढा कोंब सापडला होता. सिस्टरचा जीव भांड्यात पडला. मॅडमचा मात्र आणखी वर चढला, कारण दोन सरळ कारणं हातची गेली होती.

टॉवेल परत हातात आल्यावर सिस्टरना बोलायला हुरूप आला. गोष्टीवाले डॉक्टर म्हणजे देवमाणूस, पेशंट त्यांचं नाव घेऊन येतात. कोंब सापडतात का त्यांना, मॅडमनी विचारलं. सापडतात की, पण सगळे दाराशीच, अगदी बाहेर पडताना. आम्ही चेष्टेने म्हणतो, ह्यांच्या पेशंटचे कोंबसुद्धा गोष्ट ऐकायला पुढे येऊन बसतात. एकदाच डॉक्टर मुक्यासारखे वागले, ते स्वतःच्या आईची तपासणी केली तेव्हा. एक शब्द नाही. घंटा वाजली तर माझ्यावरच खेकसले, ती बंद करा म्हणून. घरात काही वाजलं असेल आई-मुलाचं, दुसरं काय.

मॅडमनी शेवटचा फोटो पडद्यावर आणला. आतल्या टोकाचा फोटो आणि बाहेर पडतानाचा फोटो, दोन्हींवर वेळ छापलेली होती. दोघांमधलं अंतर घंटेपेक्षा थोडं जास्तच होतं. आतडं स्वच्छ, काच ठीक, वेळ पुरेपूर. नियम अक्षरशः पाळलेला होता. आणि तरीही गाठ होती.

४

राहिली ती गोगलगाय. ही तरुण डॉक्टर, गोष्टीवाल्या डॉक्टरांच्या हाताखालची. तिच्या पाळीला पेशंटची रांग कधी वेळेवर संपली नाही, म्हणून सगळ्या मजल्याने मिळून तिचं हे बारसं केलं होतं. ती मॅडमना जिन्यात भेटली आणि पुढचं सगळं बोलणं जिन्यातच झालं.

तिनेही आल्या आल्या अपराध कबूल केला. आता मॅडमना त्याची सवय झाली होती. शिवणकाकू खरं म्हणजे तिच्या यादीत होत्या. तिचं काम रेंगाळलं, बाहेर कुरकुर सुरू झाली, म्हणून गोष्टीवाल्या डॉक्टरांनी काकूंना आपल्याकडे घेतलं. तिने आभार मानले होते. "मी जरा भरभर केलं असतं तर त्या माझ्याकडेच आल्या असत्या," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

भरभर केलं असतंस तर तुलाही दिसलं नसतं, असं मॅडमच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी वेगळंच विचारलं. तुला बाहेर यायला किती वेळ लागतो?

तिला नेमकं सांगता येईना. एखाद्याचं आतडं सरळ, एखाद्याचं नुसत्या घड्या. कधी आठ मिनिटं, कधी तेराही होतात. घंटा वाजली की ती दचकते, कारण निम्मं आतडं पाहायचं राहिलेलं असतं. "सरांना बरं जमतं," ती म्हणाली. "त्यांचं आणि घंटेचं दर वेळी एकदम होतं."

मॅडम एक पायरी उतरल्या आणि थांबल्या.

दर वेळी एकदम. माणसामाणसाचं आतडं निराळं, मग शोधणाऱ्याचा वेळ सारखा कसा येईल? आगगाडीची वाट बघणाऱ्यांचा वेळ सारखा असतो; गाडी आली की सगळ्यांचं थांबणं एकदम संपतं. शोधणाऱ्याचं तसं नसतं. तो माणूस शोधत नव्हता तर. तो थांबला होता.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसली. कळा येतात त्या दुर्बीण वळणं घेते तेव्हा. काकूंना बाहेर येताना कळा आल्या त्या एक-दोन सपाट्यात, आणि मग पोट शांत झालं. गोष्ट सुरू झाली ती त्यानंतर. तलाव, मामा, झाडून सगळी मंडळी. एवढी लांबलचक गोष्ट रंगवून सांगणाऱ्याचे डोळे घड्यांमागे डोकावत नसतात. कोंब सापडायचे तेही दाराशीच, कारण दुर्बीण दाराशीच उभी असायची.

जिन्याच्या कठड्याला धरून मॅडम खाली आल्या. उत्तर सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्या उत्तरात एक घंटा होती, आणि ती कोणी लावली हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

५

गोष्टीवाल्या डॉक्टरांनी मॅडमना पाहून खुर्ची पुढे ओढली, चहा सांगितला, तब्येतीची चौकशी केली. सगळ्या इस्पितळात कबुलीजबाब न देणारा हा एकच माणूस निघाला. वाईट झालं, म्हणाले, पण आतडं म्हणजे अंधारी गल्ली, एखादी गोष्ट कोणाच्याही नजरेतून सुटते. वेळ तर पुरेपूर दिलेला आहे, फोटो बघा हवे तर.

"बघितले," मॅडम म्हणाल्या. "तू एकदाही घंटेआधी दुर्बीण काढलेली नाहीस. मला एवढंच सांग, घंटा वाजेपर्यंत ती असायची कुठे?"

डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले.

मॅडमनी आवाज न चढवता सगळं सांगितलं. कळा कधी थांबल्या, गोष्ट कधी सुरू झाली, कोंब कुठे सापडायचे, घंटेशी वेळ कशी जुळायची. डॉक्टर चहाच्या कपाकडे पाहत होते. मग ते जे बोलले ते मॅडमच्या वर्मी लागलं.

"नियम तुमचा होता, मॅडम. घंटेआधी काढायची नाही. मी कधी काढली नाही."

खोटं नव्हतं ते. मॅडमनी मिनिटं मोजायला शिकवलं होतं, आणि त्या मिनिटांत काय करायचं हे काय सांगायचं, म्हणून पुढे गेल्या होत्या. वर्षभर सगळ्यांच्या वेळा पुऱ्या भरलेल्या पाहून त्यांनी मिठाई वाटली होती. कोणाला किती कोंब सापडले, हे विचारायचं त्यांना सुचलंही नव्हतं. लाज वाटली त्यांना, अगदी उघड वाटली. कानापर्यंत चेहरा तापला. पण त्या उठल्या नाहीत.

"माझा दोष मी घेते," त्या म्हणाल्या. "तो माझ्याकडेच राहील. आता तू सांग. आईला गोष्ट का नाही सांगितलीस?"

डॉक्टरांचा हात कपाच्या कानात अडकल्यासारखा झाला.

"आईच्या वेळी तू गप्प होतास. घंटा वाजली तेव्हा तू अर्ध्या वाटेवरही नव्हतास, म्हणून ती बंद करायला लावलीस. सावकाश कसं पाहायचं ते तुला येतं. का पाहायचं तेही माहीत आहे. मग शिवणकाकूंना का नाही?"

बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. डॉक्टरांनी कप बाजूला सारला.

सुरुवात साधीच होती, ते म्हणाले. बाहेर उपाशी बसलेली माणसं, हात सफाईचा, काम भराभर उरकायचं. मग घंटा आली. त्यांचं आधीच आटोपलेलं असायचं. दाराशी दुर्बीण धरून मुकाट्याने उभं राहायला अवघड वाटायचं, म्हणून एकदा गोष्ट सांगितली. पेशंट हसला. पुढच्याने ती ऐकलेली होती, त्याने दुसरी मागितली. लोक नाव घेऊन यायला लागले. "मलाही वाटायला लागलं, की आपण चांगले डॉक्टर आहोत. आईचं काम आलं तेव्हा हात आपोआप सावकाश चालला. त्या दिवशी कळलं. नाही, त्या दिवशी नाही. मला रोजच थोडं थोडं ठाऊक होतं."

मॅडमनी खुर्ची मागे सारली. शिवणकाकू ऑपरेशनला नाही म्हणताहेत, आणि का, ते त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. मोरीत ओतलेला तांब्या ऐकून डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"मी जाऊन तिला समजावलं, तर ती म्हणेल मॅडम धीर द्यायला आल्या," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या तोंडून ऐकलं तरच पटेल. वकिलाला विचारशील तर तो जाऊ नको म्हणेल. ठरव तू."

६

संध्याकाळी उतरत्या उन्हात दोघं शिवणकाकूंच्या दारात उभे होते. डॉक्टरांना पाहून काकूंचा चेहरा उजळला, आणि तेच डॉक्टरांना जड गेलं. काकूंचे यजमान या वेळी आत गेले नाहीत. मशिनाला टेकून उभे राहिले.

डॉक्टरांना एरवी शब्द शोधावा लागत नसे. आज वाक्य जुळता जुळेना. शेवटी त्यांनी सरळ सांगितलं, की आतल्या टोकापासून दारापर्यंत मी धावत आलो. पाहायला हवं होतं तिथे पाहिलं नाही. जो वेळ पाहण्यात जायला हवा होता, त्यात तुम्हाला हसवत बसलो.

"तो वेळ धरायचा नियम माझा," मॅडम म्हणाल्या. "आणि वेळेत काय चाललंय, हे मी कधी तपासलं नाही."

काकू एकदा डॉक्टरांकडे, एकदा मॅडमकडे बघत राहिल्या.

"सावकाश पाहिलं असतं तर दिसलं असतं?"

"छातीठोकपणे सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण बहुतेक दिसलं असतं."

"आणि मी ते पाणी ओतलं, ते?"

"त्याने काही झालं नाही. आतडं स्वच्छ होतं. फोटो आहे. काही म्हणजे काही झालं नाही त्याने."

काकू मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. डॉक्टर शिव्यांची, निदान एखाद्या कडू शब्दाची वाट पाहत होते. काकूंनी तोंड पुसलं आणि उद्या किती वाजता भरती व्हायचं ते मॅडमना विचारलं. मग डॉक्टरांकडे वळल्या. आवाजात आता मऊपणा नव्हता.

"माझ्यासारखे आणखी किती असतील तुमच्याकडे? त्यांना कधी सांगणार?"

"उद्यापासून बोलावतोय. सगळ्यांना. पुन्हा तपासणी होईल. मी करणार नाही, दुसरे करतील."

"सांगा," काकू म्हणाल्या. "तेही आपापल्या घरी असलंच काहीतरी उगाळत बसले असतील."

निघताना यजमान फाटकापर्यंत आले. इतका वेळ त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. मॅडम रस्त्यावर उतरल्या होत्या. मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांना दिसलं, की त्या माणसाने डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला आहे.

"तिला उलट्या होत होत्या त्या रात्री," यजमान म्हणाले. "मीच म्हणालो, ओतून टाक आता, कोण बघतंय. तिने कोणाला सांगितलं नाही. मलाही त्यावरून कधी बोलली नाही. गाठ निघाल्यापासून मी तिच्या तोंडाकडे बघू शकलेलो नाही, डॉक्टर." त्यांना दम लागला. "तुमच्यावर चिडायला हवं मला. उद्या चिडेन. कोर्टात खेचेन, काय करायचं ते करेन. पण आज एवढंच पुरे आहे, की ते मी केलेलं नव्हतं."

त्यांनी हात सोडला नाही. डॉक्टरांनाही तो सोडवून घेता येईना, आणि ते तिथेच फाटकाशी मान खाली घालून उभे राहिले.